ऑस्ट्रेलिया अँटिजेन: तुमच्या रिपोर्टवरचे नाव आणि ते शोधणारे डॉ. बारूक ब्लमबर्ग

रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीतून फोन येतो. किंवा सुनेच्या गरोदरपणातल्या तपासण्यांत, वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी एक कागद हातात पडतो आणि त्यावर लिहिलेले असते, ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह. काही प्रयोगशाळा त्याच तपासणीला एचबीएसएजी म्हणतात. अंबडला हा कागद घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांपैकी अनेकांचा पहिला प्रश्न असा असतो की आम्ही जालन्याच्या पलीकडे फारसे कधी गेलो नाही, मग हे ऑस्ट्रेलियाचे आमच्या रक्तात आले कुठून?

प्रश्न अगदी रास्त आहे. थोडक्यात सांगायचे तर तुमच्या रक्तात ऑस्ट्रेलियातून काहीही आलेले नाही. कावीळ करणाऱ्या हेपॅटायटिस बी विषाणूच्या बाहेरच्या आवरणातले हे प्रथिन आहे. जगात ते पहिल्यांदा ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्ताच्या नमुन्यात सापडले, म्हणून ते नाव चिकटले आणि आपल्याकडच्या रिपोर्टांवर अजून टिकून आहे. सविस्तर उत्तर हवे असेल तर ज्यांना ते सापडले त्या डॉक्टरांची गोष्ट ऐकायला हवी. त्यांनी ते शोधायला घेतलेलेच नव्हते.

बारूक ब्लमबर्ग यांचा जन्म २८ जुलै १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका ज्यू कुटुंबात झाला. वडील वकील. दुसऱ्या महायुद्धात मुलगा अमेरिकेच्या नौदलात गेला, जहाजावर अधिकारी झाला. १९४६ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेतली, मग गणिताच्या पुढच्या शिक्षणासाठी कोलंबिया विद्यापीठात नाव घातले. वैद्यकीला जा हे वडिलांनी सुचवले. मुलाने ऐकले आणि १९५१ मध्ये तो डॉक्टर झाला.

वैद्यकीच्या तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या मधले काही महिने त्यांनी दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाममध्ये काढले. मोएंगो नावाचे खाणीचे गाव, ॲल्युमिनियमचे खनिज काढणारे, जिथे पोचायला नदीशिवाय वाट नाही. तिथे त्यांनी बाळंतपणे केली, रुग्ण तपासले आणि रक्ताचे नमुनेही गोळा केले. ऊसमळ्यांवर आणि इतर कामांवर मजूर म्हणून आणलेल्या लोकांची ही वस्ती होती. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज होते, जावा बेटावरचे होते, चिनी होते आणि करारावर नेलेल्या भारतीय मजुरांची मुले-नातवंडेही होती. सगळे एकाच गावात राहत, डासही त्यांना तेच चावत. तरी हत्तीरोगाच्या कृमींची लागण एका समाजात जास्त, दुसऱ्यात कमी, असे ब्लमबर्ग यांना दिसले.

तरुण डॉक्टरच्या डोक्यात एक प्रश्न बसला, तो जन्मभर गेला नाही. एकाच ठिकाणी राहणाऱ्या माणसांपैकी काही आजारी पडतात आणि काही पडत नाहीत, ते का? त्यांच्या रक्तात वाडवडिलांकडून आलेले काही वेगळे असते का?

पुढे त्यांनी न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात काम केले. शहरातल्या गरिबांचे ते मोठे सार्वजनिक रुग्णालय. छत्रपती संभाजीनगरची घाटी डोळ्यांसमोर आणली तर साधारण कल्पना येईल. तिथून ते इंग्लंडला ऑक्सफर्डला गेले, रसायनाच्या अंगाने रक्ताचा अभ्यास केला, आणि १९५७ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रुजू झाले. तिथे त्यांचे काम म्हटले तर विचित्रच होते. जगभरच्या लोकांच्या रक्तातला द्रव, म्हणजे सीरम, गोळा करायचा, गोठवून ठेवायचा आणि त्यातली प्रथिने माणसागणिक कशी बदलतात ते पाहायचे. आफ्रिका, आशिया, पॅसिफिकमधली बेटे, उत्तर ध्रुवाजवळची गावे, सगळीकडचे नमुने त्यांच्या शीतपेट्यांत होते.

हे फरक पकडायची त्यांची युक्ती साधी होती. ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते त्यांचे शरीर परक्या रक्तातल्या अनोळखी प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. हिमोफिलिया, म्हणजे रक्त न गोठण्याचा जन्मजात आजार असलेल्या रुग्णाला कितीतरी दात्यांचे रक्त मिळालेले असते, म्हणजे त्याच्या सीरममध्ये अशा प्रतिपिंडांचा साठा असतो. काचपट्टीवर आगरचा पातळ थर द्यायचा, त्यात छोटे खळगे पाडायचे, मधल्या खळग्यात त्या रुग्णाचे सीरम आणि भोवती जगभरचे नमुने घालायचे. दोन्ही बाजूंनी द्रव झिरपत येतात. जिथे प्रतिपिंड आणि त्याचे लक्ष्य भेटतात तिथे बारीक पांढरी रेघ उमटते.

१९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हिमोफिलिया रुग्णाचे सीरम २४ नमुन्यांसमोर ठेवले आणि एकाच नमुन्यासमोर रेघ उमटली. तो नमुना ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी माणसाचा होता. या कामात त्यांच्याबरोबर हार्वे आल्टर होते, ज्यांना पुढे हेपॅटायटिस सी विषाणूवरच्या कामासाठी २०२० चे नोबेल मिळाले. ही रेघ आधी पाहिलेल्या रेघांसारखी नव्हती. काय आहे ते कळेना, म्हणून सापडल्या ठिकाणाचे नाव देऊन मोकळे झाले. १९६५ मध्ये त्यावर शोधनिबंध आला.

इथून पुढे दोन-तीन वर्षे ब्लमबर्ग चुकीच्या वाटेवर होते, आणि रुग्ण म्हणून तुम्ही हा भाग नीट वाचावा असे मला वाटते. ऑस्ट्रेलिया अँटिजेन निरोगी अमेरिकन माणसांत क्वचित दिसे, उष्ण कटिबंधातल्या आणि आशियातल्या लोकांत बऱ्यापैकी दिसे, आणि रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांतही दिसे. त्यामुळे त्यांना वाटले की हा जन्मजात गुण असावा आणि तो ज्यांच्यात आहे त्यांना रक्ताचा कर्करोग होण्याची शक्यता जास्त असावी. खरे कारण वेगळे होते. त्या रुग्णांना पुष्कळ रक्त चढवलेले होते आणि त्या रक्तातून विषाणू येत होता.

गाठ सुटली ती १९६६ मध्ये. डाउन सिंड्रोम असलेला एक तरुण पहिल्या तपासणीत निगेटिव्ह होता, काही महिन्यांनी पॉझिटिव्ह आला. जन्मजात गुण असा मधेच उगवत नाही. यकृताच्या तपासण्या केल्या तर आतल्या आत हेपॅटायटिस झालेला, म्हणजे यकृताला सूज. नंतर ब्लमबर्ग यांच्या प्रयोगशाळेतल्याच एका तंत्रज्ञ बाईंना बरे वाटेनासे झाले. त्यांनी स्वतःचे सीरम त्याच काचपट्टीवर तपासले आणि रेघ उमटली. पाठोपाठ कावीळ झाली, पुढे त्या बऱ्या झाल्या. १९६८ पर्यंत न्यूयॉर्कचे आल्फ्रेड प्रिन्स आणि टोकियोचे काझुओ ओकोची यांनीही आपापल्या कामातून रक्तातून पसरणाऱ्या काविळीशी याचा संबंध दाखवला. वाडवडिलांचा वारसा शोधायला निघालेला माणूस एका विषाणूपाशी येऊन पोचला होता.

याचा पहिला फायदा रक्तपेढ्यांना झाला. तपासणी हातात आली तसे दात्याचे रक्त आधी पाहून मगच वापरायचे असा नियम झाला, आणि रक्त चढवल्यावर होणारी कावीळ झपाट्याने कमी झाली. आज आपल्याकडेही प्रत्येक रक्तपिशवीची ही तपासणी कायद्याने सक्तीची आहे. शिबिरानंतर तुम्हाला फोन आला तो याच तपासणीमुळे.

दुसरा फायदा लसीचा. विषाणू आपले आवरण गरजेपेक्षा कितीतरी जास्त बनवतो, आणि ही रिकामी टरफले वाहकाच्या रक्तात तरंगत राहतात. त्यांत विषाणूचा गाभा नसतो, म्हणून ती लागण करू शकत नाहीत, पण शरीराला शत्रूची ओळख मात्र करून देतात. ब्लमबर्ग आणि त्यांचे सहकारी अर्व्हिंग मिलमन यांनी ही टरफले वेगळी काढून लस करण्याची पद्धत १९६९ मध्ये पेटंटसाठी मांडली. १९८१ मध्ये अमेरिकेत अशी लस मंजूर झाली. १९८६ मध्ये यीस्टमध्ये तयार केलेली लस आली आणि माणसाच्या रक्ताची गरज उरली नाही. ती महाग होती. आपल्या देशात १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस बाजारात आणली तेव्हा किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. ब्लमबर्ग यांना १९७६ मध्ये कार्लटन गायडुसेक यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

विषाणूच्याही बोली असतात

ब्लमबर्ग माणसामाणसांतला फरक शोधत होते. पुढच्या पिढीला दिसले की फरक विषाणूतही आहे, आणि तोही गावोगावचा. आपल्याकडे म्हणतात ना, बारा कोसांवर भाषा बदलते. तसेच हे. या विषाणूचा सगळा मजकूर जेमतेम ३,२०० अक्षरांचा, विषाणूंतही अगदी छोटा. त्या मजकुराची नक्कल करताना चुका होतात, चुका साठत जातात आणि हजारो वर्षांत वेगळ्या शाखा तयार होतात. १९८८ मध्ये जपानी संशोधकांनी नियम सुचवला की सबंध मजकुरात ८ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर ती वेगळी शाखा, म्हणजे जीनोटाइप, समजावी. तेव्हा ए ते डी अशा चार होत्या. आज ए ते जे अशा दहा मोजतात.

प्रत्येक शाखेचा मुलूख साधारण ठरलेला आहे. बी आणि सी पूर्व आशियात, ई पश्चिम आफ्रिकेत, एफ आणि एच अमेरिका खंडांत. भूमध्य समुद्राच्या काठापासून मध्यपूर्वेतून भारतापर्यंत डी. भारतात सर्वांत जास्त डी, त्याखालोखाल ए, आणि पूर्वेकडच्या राज्यांत सीसुद्धा. ज्या देशाचे नाव तुमच्या रिपोर्टवर आहे त्या ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातल्या आदिवासींमध्ये सी-४ नावाची उपशाखा आहे, ती दुसरीकडे जवळजवळ मिळत नाही. तेव्हा अंबडच्या रुग्णात बहुधा डी किंवा ए असणार, ऑस्ट्रेलियाची नाही.

मुलूख ठरलेला का? हा विषाणू सर्दीसारखा हवेतून फिरत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणाच्या वेळी आईकडून बाळाकडे जातो. तान्ह्या बाळाला लागण झाली तर सुमारे ९० टक्के बाळांत तो कायमचा राहतो. निरोगी प्रौढाला झाली तर ९५ टक्क्यांहून जास्त लोकांचे शरीर त्याला स्वतःच बाहेर काढते. त्यामुळे तो पिढ्यान्पिढ्या घरातच मुक्काम करतो आणि घर हलले की त्याच्याबरोबर हलतो. युरोप आणि आशियातल्या हजारो वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांतूनही त्याचे अंश मिळाले आहेत, म्हणून माणसांची जुनी स्थलांतरे शोधायलाही शास्त्रज्ञ या शाखा वापरतात. सुरीनामच्या मजूरवस्तीत पडलेला प्रश्न असा फिरून माणसांच्या वाटांपाशीच आला.

आता तुमचा प्रश्न. माझी शाखा कोणती ते तपासून घ्यावे का? बहुतेकांना गरज नाही. टेनोफोव्हिर आणि एन्टेकाव्हिर या रोजच्या गोळ्या सर्व शाखांवर चालतात. लसही सर्व शाखांवर चालते, कारण आवरणाचा मुख्य भाग सगळ्यांत सारखाच असतो. इंटरफेरॉनची इंजेक्शने द्यायची असतील तर मात्र फरक पडतो: ए शाखेत त्यांचा गुण जास्त येतो, डी मध्ये कमी. गोळ्या सुरू करायच्या की नुसते लक्ष ठेवायचे, हे रक्तातले विषाणूचे प्रमाण, एएलटी नावाची यकृताची तपासणी आणि यकृत किती घट्ट झाले आहे यावर ठरते. नुसत्या पॉझिटिव्ह शब्दावर नाही.

विषाणूतले बदल कधीकधी जीवघेणे मात्र ठरतात. २००९ मध्ये गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यात मोडासा भागात हेपॅटायटिस बीची साथ आली आणि बरेच लोक दगावले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने त्या विषाणूचा मजकूर वाचला तेव्हा त्यात बदल झालेले प्रकार आढळले. पण तो पसरला कशाने? नीट निर्जंतुक न केलेल्या सिरिंजने. म्हणून सांगतो, सुई लावून घेताना पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. दाढीचे पाते, गोंदणाची सुई, कान टोचायची तार यांनाही तोच नियम. सांगायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे, तरी सांगा.

भुईआवळीचे काय झाले

आता जे सांगतो त्यासाठी खरे तर मी हा लेख लिहायला घेतला. आपल्या भागात कावीळ म्हटले की माळ घालतात, चुन्याच्या पाण्याने हात धुवून पिवळे पाणी दाखवतात, नाकात थेंब सोडतात, आणि भुईआवळीचा रस देतात. आजी सांगते म्हणून देतात. ब्लमबर्ग यांनी असल्या औषधांना हसून टाकले नाही. त्यांच्या प्रयोगशाळेत भुईआवळीचा अर्क विषाणूवर वापरून पाहिला गेला, आणि परीक्षानळीत काहीतरी घडतही होते. मग मद्रासच्या एस. पी. त्यागराजन आणि सहकाऱ्यांबरोबर माणसांवर चाचणी झाली. वाहकांपैकी काहींना ३० दिवस भुईआवळीची वाळवलेली पूड दिली, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. १९८८ मध्ये निकाल छापून आला: पूड घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून ऑस्ट्रेलिया अँटिजेन गेले, दुसऱ्या गटात २३ पैकी एकाच्या.

आकडे पाहून कोणीही हरखून जाईल. तेव्हा जगभरचे संशोधक हरखलेही होते. पण नंतर थायलंडमध्ये आणि इतर ठिकाणी तीच चाचणी पुन्हा केली तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही. नोबेल मिळालेल्या माणसाचे नाव त्या निबंधावर होते म्हणून भुईआवळी औषध ठरली नाही. रक्ताच्या कर्करोगाबद्दलचा त्यांचा अंदाजही असाच तपासणीत टिकला नव्हता, आणि त्यांनी तो सोडून दिला होता.

मग माळ घालून बरे झालेले शेजारी? ते खोटे बोलत नाहीत. आपल्याकडे दूषित पाण्यातून होणारी हेपॅटायटिस ए आणि ई ची कावीळ पुष्कळ असते, आणि ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. श्रेय माळेला मिळते. हेपॅटायटिस बीचा वाहक तर अनेक वर्षे पिवळा पडतच नाही, त्याला काही होतही नाही. अशा माणसाने टेनोफोव्हिर मनाने बंद करून रस सुरू केला तर काही महिन्यांत विषाणू उसळी मारू शकतो आणि यकृत निकामी होऊ शकते. तुम्ही भुईआवळी घेत असाल तर मला सांगा, मी रागावणार नाही. पण गोळ्या चालू ठेवा.

घरातल्यांना एक सांगायचे आहे. एका ताटात जेवल्याने, मुलांना जवळ घेतल्याने, एकाच भांड्याने पाणी प्यायल्याने हा आजार पसरत नाही. सुनेचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून तिला माहेरी धाडू नका. तिने बाळंतपण दवाखान्यात करावे. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिला डोस आणि शक्यतो हेपॅटायटिस बीची इम्युनोग्लोब्युलिनची सुई मिळाली पाहिजे. लस वेळेवर मिळाली तर तिचे दूध पाजायला काही हरकत नाही. पुढे ६, १० आणि १४ आठवड्यांचे डोस पेंटाव्हॅलंटमधून मिळतात. तैवानने १९८४ पासून नवजात बाळांना लस देणे सुरू केले आणि तिथे मुलांमधला यकृताचा कर्करोग कमी झाला. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी लसीकरणाचे कार्ड बरोबर न्यावे. बाळ कारखान्यावर जन्मले तरी जवळच्या सरकारी दवाखान्यात डोस मिळतो, आणि कोणता डोस राहिला ते कार्डावरून कळते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोक या विषाणूसह जगत होते. तुम्ही एकटे नाही आहात, आणि बहुतेकांना तर आपल्याला तो आहे हेच ठाऊक नाही.

ब्लमबर्ग उतारवयात कर्करोगावरून चक्क अंतराळाकडे वळले. पृथ्वीबाहेर जीवसृष्टी आहे का हे शोधणाऱ्या नासाच्या संस्थेचे ते पहिले संचालक होते. ५ एप्रिल २०११ रोजी कॅलिफोर्नियात नासाच्याच एका केंद्रावरच्या परिषदेत त्यांनी भाषण केले आणि त्यानंतर त्यांना मृत्यू आला. वय ८५. त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, आता जागतिक हेपॅटायटिस दिन म्हणून पाळतात, आणि भारत सरकारने विषाणूजन्य काविळीच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१८ मध्ये याच तारखेला सुरू केला. त्यात सरकारी रुग्णालयांत तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात.

तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल तर पुढच्या वेळी येताना नवरा किंवा बायको, मुले, भाऊ-बहिणी आणि आई यांनाही घेऊन या. त्यांची हीच तपासणी करू, आणि जे निगेटिव्ह येतील त्यांना लस देऊ. या तपासणीला उपाशीपोटी यावे लागत नाही.